एका तिकिटाचे राहिले

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे. ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कधी जमलं नाही, आणि अक्षर म्हणाल तर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही, तरी आधीच माफी मागून ठेवते. उद्या मुलीच्या हाती लागलं तर ती आधी चुका काढील आणि मग वाचील.

चार माणसांत मला बोलायला होत नाही. लग्नकार्यात मी भाकरी थापायला बसते, म्हणजे तोंड चुलीकडे राहतं आणि कोणी काही विचारत नाही. ही गोष्टही मी बाहेर कोणाला सांगितलेली नाही. ज्यांना माहीत होती त्यांतली माझी आई आता नाही, मुलीला यातलं काही आठवत नाही, आणि आमचे हे त्यावर बोलत नाहीत.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. माझे थोरले दीर पिंपरीला कंपनीत आहेत, त्यांचं बिऱ्हाड तिकडंच. दिवाळीला आले तेव्हा त्यांच्या मुलांनी फोटो दाखवले. मुंबईच्या वाटेवर कुठंतरी मोठी बाग झाली होती. तिथं डोंगराएवढ्या घसरगुंड्या, आकाशपाळणे, आणि एका तलावात यंत्रानं लाटा काढत होते. माझी मुलगी त्या फोटोतल्या लाटेवरून बोट फिरवत बसली. समुद्र तिनं पाहिला नव्हता. मीही नव्हता पाहिला.

मे महिन्याची सुट्टी लागली आणि जाऊबाईंचा फोन आला.

"अगं धाकटे, यंदा सगळे मिळून जाऊ. पण सीझन आहे बाई, आधी पैसे भरल्याशिवाय तिकडं नाव लागत नाही. आणि जीप आत्ताच धरायला पाहिजे, सगळ्या जीपा वऱ्हाडाला लागल्यात. सगळं धरून माणशी सहाशे. तुमच्या तिघांचे अठराशे पाठवून दे. आणि शेवटच्या घटकेला नाही म्हणायचं नाही हं. मागं देवाला जाताना तसंच केलंत."

मी "बरं" म्हटलं. फोनवर मला दुसरं काही सुचत नाही.

हे संध्याकाळी आले. मंचरला बटाट्याच्या गोण्या उचलायचं काम करायचे आणि अवसरीत घरचं थोडं रान बघायचे.

"अठराशे? पाण्यात भिजायला?" हे म्हणाले. "विहिरीवर मोटर लावतो, काय भिजायचं ते भीज म्हणावं."

"दादा, विहिरीला लाटा येत नाहीत," मुलगी म्हणाली. बापाला ती दादाच म्हणते.

"मी उडी मारली की येत्यात."

ती हसली नाही. मग ह्यांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि म्हणाले, "कांदा विकला की बघू." कांद्याला त्या साली भाव नव्हता. हे तिलाही ठाऊक होतं. ती आतल्या खोलीत जाऊन बसली.

दरवर्षी मेमध्ये मी मुलीला घेऊन माहेरी जात असे. माझं माहेर पाण्याखाली आहे. मी लग्न होऊन आल्यावर काही वर्षांनी धरण भरलं आणि गाव बुडालं. आई वरच्या अंगाला, आहुप्याकडं जाणाऱ्या रस्त्यालगत, दोन खोल्यांत राहायची. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खालचं गाव वर येतं. आधी देवळाचा कळस दिसतो, मग जोती, मग घरांचे उंबरे. भिंती राहिल्या नाहीत, पण दगडी उंबरे जिथल्या तिथं आहेत. बायका खाली उतरतात आणि आपापला उंबरा धुऊन त्याला कुंकू लावतात. धुवायचं पाणी वरून न्यायचं, धरणाचं घ्यायचं नाही. तिथलं काही वर आणायचं नाही, खापरीसुद्धा नाही. आणि परत येताना मागं बघायचं नाही. गाव बुडाल्यानंतरची रीत, म्हणजे नवीच. पण आई ती अशी पाळायची की जणू तिच्या आजीनं घालून दिली आहे.

त्या साली पाणी फार खाली गेलं होतं. गाळाला भेगा पडल्या होत्या आणि चालताना पायाखाली शिंपले मोडत होते. नदीचा जुना डोहसुद्धा दिसत होता, काळा, हालचाल नसलेला. त्याच्या काठावर चौरंगासारखा एक सपाट दगड होता. उंबरा धुऊन झाल्यावर आई त्या दगडाकडं बघून हात जोडायला लागली तेव्हा मुलीनं विचारलं, "आजी, हा कोणता देव?"

"देव न्हाई. हा मागायचा दगड," आई म्हणाली, आणि मला लहानपणी सांगितलेली गोष्ट तिनं तिलाही सांगितली. पूर्वी गावात लग्न निघालं आणि भांडी कमी पडली की घरचं माणूस संध्याकाळी इथं यायचं. दगडावर हळदकुंकू वाहून किती ताटं, किती तांबे, किती पातेली ते मोठ्यानं सांगायचं आणि मागं न बघता घरी जायचं. सकाळी तेवढी भांडी दगडावर मांडलेली असायची. लग्न झालं की घासूनपुसून सगळी परत ठेवायची, वर गुळाचा खडा ठेवायचा. एकदा एका घरानं एक पळी ठेवून घेतली. नुसती पळी.

"मग?" मुलगी म्हणाली.

"मग डोहानं द्यायचं बंद केलं."

"आणि पळीचं काय झालं?"

"पळीच्या बदल्यात घेतलं त्यानं त्याचं," आई म्हणाली आणि उठली. मला माहीत होतं, ती गोष्ट इथंच थांबवायची. त्या घरातलं काय गेलं ते तिनं मलाही कधी सांगितलं नाही. फक्त त्या घराच्या उंबऱ्याला कोणी कुंकू लावत नसे, एवढं मी पाहिलं आहे.

आम्ही दोघी कळशी आणि खराटा गोळा करत होतो. तेवढ्यात मुलीचा आवाज आला, शाळेत कविता म्हणतात तसा, स्वच्छ.

"आम्हाला वॉटर पार्कला जायचंय. तीन तिकिटं. अठराशे रुपये."

ती दगडापाशी उभी होती. कुंकवाचं बोट तिनं दगडाला लावलं होतं. आईच्या हातातला खराटा खाली पडला. ती धावत गेली आणि पोरीला दंडाला धरून ओढलं.

"काय मागितलंस? किती म्हणालीस?"

"खोटं खोटं मागितलं गं आजी."

"तिथं खोटं कायबी नसतंय, पोरी."

आम्ही चढ चढायला लागलो. आई पुढं, मधे मुलगी, मागं मी. अर्ध्या वाटेवर मुलगी वळली आणि खाली बघून तिनं हात हलवला. मी तिची मान पुढं फिरवली आणि विचारलं, "कोणाला हात केलास?"

"ते आजोबा होते ना काठाला. त्यांनी आधी केला."

मी मागं बघितलं नाही. पण येताना सगळ्या गाळावर आमच्याशिवाय माणूस नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

अवसरीला परत आल्यावर चार-सहा दिवसांनी, भर दुपारी, मी ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मुलगी मैत्रिणीकडं गेली होती, हे मंचरला. उन्हानं रस्ता ओस पडला होता. अंगणात एक म्हातारा उभा दिसला. येताना दिसला नाही, उभा असलेलाच दिसला. धोतर, अंगात बंडी, डोक्याला काही नाही.

"पावणं न्हाईत का घरी?"

ह्यांना पावणं फक्त माझ्या माहेरची माणसं म्हणतात. मी मान हलवली.

"त्यांचं देणं व्हतं," असं म्हणून तो ओसरीवर चढला आणि माझ्यापुढं एक पुडकं ठेवलं. पळसाच्या पानात गुंडाळलेलं, वर दोरा. मी गोंधळले. दारी आलेल्याला काहीतरी विचारायचं म्हणून म्हटलं, "पाणी आणते."

"पाणी नको, बाय," तो म्हणाला. "पाण्याचं काय कमी हाये."

तो हसल्यासारखा वाटला. मग उतरून गेला. फाटकाच्या दिशेनं गेला की विहिरीच्या, ते मला आजही सांगता येत नाही. मी खाली बघितलं तर ओसरीच्या शहाबादीवर ओली पावलं उमटली होती. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं, हे मला तेव्हा आठवलं. मे महिन्यात आमच्या ओसरीवर सांडलेला तांब्या पान खायला लागतो तेवढ्या वेळात सुकतो. ती पावलं दिवेलागणीपर्यंत होती.

पुडक्यात अठराशे रुपये होते. नोटा दमट होत्या आणि त्यांना गाळाचा वास होता.

ह्यांना दाखवल्या तेव्हा ह्यांनी डोकं खाजवलं. "माझं कोण देणं लागतंय? मीच गावाचं लागतोय." मग म्हणाले, "असंल कोणीतरी, कधीचं तरी. मी बी लोकांना हातउसनं देत असतो, ध्यानात राहत न्हाई. आलं ना घरात? मग लक्ष्मीला नाव-गाव इचारू नये." दुसऱ्याच दिवशी पिंपरीला जाणाऱ्या एका माणसाजवळ त्यांनी ते पैसे दिरांकडे पाठवले. माझं तोंड वेळेवर उघडत नाही, हाच माझा जन्माचा त्रास.

मुलगी आनंदानं नाचली. घरभर सांगत सुटली, कोणता फ्रॉक, कोणता डबा. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की ती पाणी पीत नाही. जेवताना तांब्या तसाच राहायचा. उन्हातून खेळून यायची आणि माठाकडं बघायचीसुद्धा नाही. तरी ओठ सुकलेले नव्हते. उलट हात लावला की गार लागायची, माठाच्या पोटासारखी.

मी पेला भरून तिच्यापुढं धरला. "पी बघू."

"पाणी नको आई," ती म्हणाली. "पाण्याचं काय कमी आहे."

म्हातारा आला तेव्हा ती घरात नव्हती. तो काय म्हणाला ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही. भरलेला पेला मी तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं मी आईकडं गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पैकं खर्चलं का?"

"पिंपरीला भरले."

"मग दुसरं आण. तेवढंच. सहलीच्या आत परत ठेवायचं. फिटल्याबिगर पोरीला पाण्यात उतरू द्यायची न्हाई, मग ती बाग असू दे न्हाईतर हौद."

मी घरी येऊन जाऊबाईंना फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा मीच फोन लावला होता. सहल नको, पैसे परत द्या, असं म्हणाले.

"परत?" जाऊबाई म्हणाल्या. "सीझनचे पैसे परत मिळत नसतात गं. आणि झालं काय एवढं?"

"पोरीला बरं नाही."

मुलगी मागं उभी होती. ती ओरडली, "मला बरंय काकू! आई खोटं बोलतेय!" तिकडं जाऊबाई हसल्या. "धाकटे, तुझं काही खरं नाही."

माझ्याजवळ विकण्यासारखी एक शेळी होती. माझी स्वतःची, आईनं दिलेली. शेजारणीचा दीर बेल्ह्याच्या बाजाराला टेम्पो नेत होता, त्यात तिला घालून मी गेले. ह्यांना सांगितलं, खुराकाचा खर्च परवडत नाही म्हणून. बाजारात व्यापाऱ्यानं शेळीचे दात बघितले, पाठ चाचपली.

"हजार देतो, मावशी."

मी मान हलवली.

"बोला की! तुमी बोलंना, शेळी बोलंना. भाव कोणाशी करू?"

आजूबाजूचे हसले. मला घाम फुटला, पण मी दावं सोडलं नाही. मी गप्पच राहिले आणि तो वर वर चढत गेला. "हजार पन्नास. अकराशे. आता बास. बरं, बाराशे. राव, न बोलणाऱ्या बाईशी सौदा करू नये." बाराशेवर तो थांबला. अठराशे त्या शेळीचे कोणीच दिले नसते.

सहल तोंडावर आली होती. मी आणि आई मुलीला वरच ठेवून डोहाकडं उतरलो. दगडावर बाराशे ठेवले, वर गुळाचा खडा ठेवला, आणि आईनं मोठ्यानं सांगितलं, "दोघांचं दिलं. एकाचं राहिलं. तेबी देऊ." ते शब्द बाहेर पडले आणि मला कळलं. माणशी सहाशे. एका तिकिटाचे राहिले होते, आणि ते कोणाचं तिकीट, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आईनंही माझ्याकडं बघितलं नाही.

सहलीच्या दिवशी बागेत एवढी गर्दी होती की दारातच तास गेला. साडीवर पाण्यात सोडत नव्हते. भाड्यानं कपडे मिळत होते, जाऊबाईंनी ते घातले. मला ते घालून लोकांत फिरायचं धाडस झालं नाही. मी कट्ट्यावर चपला आणि पिशव्या राखत बसले. पण मुलीचं मनगट मी सोडलं नाही.

"अगं सोड तिला!" जाऊबाई म्हणाल्या. "लेकीला आणलंस की शेळीला?"

"इथंच बसू दे तिला," मी म्हणाले.

"सहाशे रुपये भरून कट्ट्यावर?" ह्यांना सगळ्यांसमोर राग आला. "मी हाये ना तिच्यासंगं. हात धरून नेतो." आणि माझ्या हातातून तिचा हात काढून घेतला.

लाटांच्या तलावाशी भोंगा वाजला. सगळी माणसं ओरडायला लागली आणि पाणी उचलू लागलं. मला ह्यांची पाठ दिसत होती आणि बाजूला मुलीचं डोकं. लोक लाटेबरोबर काठाकडं येत होते. हे दोघं आत आत चालले होते. मला वाटलं, हे तिला नेत आहेत. मी उठून उभी राहिले आणि ओरडले. मी ओरडले, मी. आवाज भोंग्यात गेला. शिट्टीवाला पोरगा मला मागं सारत म्हणाला, "मावशी, साडीवाले बाहेर."

मग ह्यांनी तिला दोन्ही हातांनी उचललं, खांद्यावर टाकलं, आणि लाटा तोडत बाहेर आले. ह्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. मुलगी खांद्यावरून मागं बघत होती. ती रडत नव्हती. कोणाला तरी हात हलवत होती.

हे माझ्याशेजारी बसले. हळू आवाजात म्हणाले, "मी तिला नेत नव्हतो. ती मला ओढत व्हती."

पन्नास किलोची गोणी एका दमात पाठीवर घेणारा माणूस. मुलगी नऊ वर्षांची, वाळलेल्या शेंगेसारखी.

मी तिथंच, चपलांच्या ढिगाशेजारी, त्यांना सगळं सांगितलं. दगड, पुडकं, शेळी, राहिलेले सहाशे. वाटलं, हसतील. ते म्हणाले, "त्या दिवशी ओसरीवर पावलं मी बी बघितली व्हती. तू घाबरशील म्हणून बोललो न्हाई."

घरी आल्यावर ह्यांनी दुसऱ्याच दिवशी कांदा काढला, मिळेल त्या भावाला दिला, आणि सहाशे रुपये माझ्या हातावर ठेवले. मग आम्ही तिघं मोटरसायकलवर आईकडं गेलो. मुलगी मधे, गार.

आईनं कळशी भरून घेतली आणि चौघं खाली उतरलो. दगडावर आधीचे बाराशे नव्हते. गुळाचा खडा मात्र तसाच होता, त्याला मुंगीसुद्धा लागली नव्हती. धरणात मासे धरणारे येतात, त्यांनी नोटा नेल्या असतील, असं हे म्हणाले. मी हो म्हटलं. आईनं जुना गूळ डोहात टाकला. तो पडल्याचा आवाज आला नाही.

मी पदरातून नवा खडा काढला. सहाशे रुपये मुलीच्या हातानं दगडावर ठेवले, खडाही तिच्याच हातानं. "सांग," आई म्हणाली.

"तिसऱ्या तिकिटाचे," मुलगी हळूच म्हणाली. या वेळी आवाज कवितेचा नव्हता.

आम्ही वळलो. हे पुढं, मग मुलगी, मग मी, शेवटी आई. मागं पाण्यात काहीतरी हललं, एकदाच, मोठं माणूस कुशीवर वळावं तसं. मी मुलीच्या मानेवर हात ठेवला होता. ती वळली नाही. अर्ध्या चढावर माझ्या तळव्याला तिची मान घामेजलेली लागली.

"आई," ती म्हणाली, "लई तहान लागली."

आईनं कळशी तिच्या ओंजळीत वाकवली. ती प्यायली, खोकली, पुन्हा प्यायली. पाणी हनुवटीवरून फ्रॉकवर सांडलं आणि उन्हात लगेच सुकायला लागलं. हे पुढं पाठमोरेच उभे होते. मान न वळवता त्यांनी विचारलं, "फिटले का?"

"फिटले," आई म्हणाली. "समदे."